सासऱ्याचं चांदीचं नाणं अन् माझी चिंच

चहाचा कप घट्ट धरा बरं का. मागच्या वेळी हे ऐकताना एकानं स्वतःच्याच पँटीवर सांडवला होता, अन् वरून मलाच शिव्या दिल्त्या!

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. जालन्यात मस्तगडला माझं बिजलीच्या सामानाचं दुकान, सासुरवाडी अंबडची. सासरे रिटायर मास्तर. मी त्यांना मामा म्हणतो, बायको अण्णा. रिटायर होताना शाळेतल्या मंडळींनी त्यांना चांदीचं नाणं भेट दिल्तं. बाजारात चालतं तसलं न्हाई, एखाद्या मोठ्या माणसाच्या जन्मशताब्दीला सरकारी टाकसाळ काढते ना, तसलं. निळी मखमली डबी, अन् आत प्लॅस्टिकमध्ये सीलबंद नाणं. पाहुणे आले की मामा डबी उघडायचे, लांबून दाखवायचे, की बंद!

अन् जालन्यात भरलं नाण्यांचं प्रदर्शन. मामांनी डबी माझ्या हातात ठेवली.

"जावईबापू, हे तिथं मांडायला द्या. रविवारी मी सगळे मास्तर घेऊन येतो. फक्त जपून!"

आता जपून म्हणजे नेमकं काय, हे माणसानं सांगायला नको?

घरी येऊन पाहतो तर नाण्याच्या कडेला पिवळट झाक. म्हणलं, चार लोकांत मामांचं नाणं असं मळकं दिसणार? बिलकुल न्हाई! घेतली कात्री.

बायको ओरडली, "अहो, अण्णा त्याला बोट लावू देत न्हाईत कुणाला!"

"तुझ्या अण्णांचंच नाव मोठं करून राह्यलो ना मी!"

प्लॅस्टिक कापलं. चिंच घेतली, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली अन् असं घासलं, असं घासलं, की लग्नातली भांडी काय घासतात! नाणं लखलखलं. दुसऱ्या दिवशी छाती काढून प्रदर्शनवाल्या शेठजींपुढं ठेवलं. शेठजी म्हणजे नाण्यांचे मोठे दर्दी. त्यांनी भिंग लावलं अन् त्यांचं तोंडच उतरलं.

"घासलं का हे?"

"बराबर ओळखलं! चिंचेनं."

"अन् सील?"

"काढलं. त्याशिवाय घासणार कसं?"

शेठजी मटकन् खुर्चीत बसले. "अहो, असल्या नाण्याची किंमत नुसत्या चांदीवर ठरते का? किती नाणी निघाली, कोणत्या टाकसाळीत पडलं, अन् सगळ्यात मोठं म्हणजे जसं निघालं तसंच राह्यलं का, हे बघतात. टाकसाळीनं त्याला आरशासारखी चकाकी दिल्ती, तिच्यावर तुम्ही राखेनं ओरखडे ओढले! कडेची ती झाक आपोआप आल्ती, तिच्यावर तर लोक जीव टाकतात. आता राह्यली ती नुसती चांदी."

"मंग मांडणार न्हाई?"

"न्हाई!"

रविवारी मामा येणार, सोबत मास्तरांची फौज येणार! पण एवढ्या भाषणातून माझ्या डोक्यात शब्द अडकला कोणता? झाक! झाक गेली म्हणून किंमत गेली ना? मंग झाक परत आणू! त्यात काय?

कुणीतरी कधीतरी सांगितल्तं, उकडलेल्या अंड्यानं चांदी काळी पडते. झालं! दोन अंडी उकडली, कुस्करली, नाणं त्यात पुरलं अन् डब्याचं झाकण लावलं. आमच्या घरात अंडं चालत न्हाई, अन् डबा निघाला पोळ्यांचा. त्यावरून बायको काय काय बोलली, ते चहासोबत सांगण्यासारखं न्हाई.

सकाळी झाकण उघडलं. अरे देवा! झाक कसली, नाण्याचा तवा झाल्ता! नाण्यावरच्या थोर पुरुषाच्या गालावर जांभळा डाग, जशी काही त्यांची दाढ दुखून राह्यली. तरी गेलो. दुसरं करणार काय?

शेठजींनी नाणं नाकाजवळ नेलं. "याला वास कसला येऊन राह्यला?"

"जुनेपणाचा."

"अंडं?"

"...दोन."

शेठजींनी माझं पूर्ण नाव विचारून वहीत लिहून घेतलं. मंग एकदम शांतपणे म्हणाले, "ठेवून जा. मांडतो."

मी उडतच घरी आलो! "बघ," बायकोला म्हणलं, "केलं की न्हाई बराबर?"

रविवारी मामा आले. इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी, मागं चार मास्तर. हॉलमध्ये बाकीच्या टेबलांवर तुरळक माणसं अन् एका काचेच्या पेटीपुढं ही झुंबड! लोक हसून राह्यले, एकमेकांना बोलावून आणून राह्यले.

"ते माझंच असणार," मामा म्हणाले अन् गर्दीत घुसले.

त्यांचंच होतं. पेटीत काळंनिळं नाणं, अन् शेजारी ठळक अक्षरातली पाटी. मामांनी चष्मा लावला अन् वर्गात धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचलं, "नाण्याची किंमत कशी घालवावी, याचा नमुना. आधी चिंच, नंतर अंडं. सौजन्य..."

अन् पुढं बापाच्या नावासकट माझं पूर्ण नाव! अहो, सौजन्य!

मी पंख्याच्या वायरिंगकडं बघू लागलो. एका मास्तरनं हळूच विचारलं, "गुरुजी, हे डबीतलं तेच का?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. माझ्या खांद्यावर हात टाकला अन् सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले,

"नाणं माझं आहे. बाकी सगळी मेहनत आमच्या जावयाची!"