पाठमोरा सिनेमा

मी आणि माझ्या बायकोने मिळून शेवटचे काम केले ते फणस फोडायचे. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. न बोलण्याचा तो तिसरा दिवस. पण फणस पिकून घरभर वास सुटला होता आणि फणस एकट्याने फोडायचा नसतो. एकाने धरायचा, दुसऱ्याने कोयता घालायचा, मग हातांना खोबरेल लावून दोघांनी गरे काढायचे. म्हणून बसलो. ती म्हणाली, "तेल." मी वाटी सरकवली. मी म्हटले, "धर." तिने धरला. बोलणे एवढेच. दुपारी जेवून ती जरा पडायला आत गेली ती उठली नाही. झोपेतच गेली, त्रास झाला नाही, असे डॉक्टर म्हणाला. मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

भांडण सिनेमावरून होते.

मी चौथी शिकलेला माणूस. बार्जवर खलाशी होतो. आमोण्याच्या धक्क्यावर खनिज भरायचे आणि मुरगावला नेऊन मोठ्या बोटीत टाकायचे, यात माझे आयुष्य गेले. सिनेमा बघितले असतील पाच-सहा. आपल्याच घरात सिनेमा होईल असे कोणी सांगितले असते तर त्याला मी पायऱ्या उतरायला लावल्या असत्या.

माझी नात कॉलेजात तसले शिकते. परीक्षेच्या जागी दहा मिनिटांचा सिनेमा करून द्यायचा. काय कसे करायचे ते ती सांगणार, वर्गातली एक मैत्रीण कॅमेरा धरणार, आणि एक लांब केसांचा मुलगा काठीला बांधलेला माइक सगळ्यांच्या डोक्यावर धरणार. गोष्ट काय, तर बार्जवरून नदीत बुडालेल्या खलाशाच्या बायकोची. तो गेला तरी ती रोज धक्क्यावर जाऊन उभी राहते. ऐकले तेव्हाच माझे डोके फिरले. बार्जवर असताना आम्ही बुडणे हा शब्द तोंडातून काढत नसू. त्यांना म्हातारी बाई हवी होती. नातीने आजीला विचारले आणि आजी मला न विचारता हो म्हणाली.

पहिल्याच दिवशी खटका उडाला. नात म्हणाली, "आजी, कुंकू पुसूक जाय. ती विधवा मगे."

मी सोप्यावर बसलो होतो. म्हटले, "पुसायचे नाही."

"आजो, खोटे खोटे."

"खोटे असू दे नाहीतर खरे. मी इथे जिवंत बसलोय. दिसत नाही?"

तेवढ्यात ही स्वयंपाकघराच्या दारात आली. "ऐकलंत? तीन वर्सं जत्रेच्या नाटकात तुम्ही विधवा सून झालात. पांढरे लुगडे नेसून रडलात. तेव्हा मी मेले?"

पोरे हसली. लांब केसांचा तर काठी टेकून खालीच बसला. खोटे नव्हते ते. आमच्या देवळाच्या जत्रेला गावचीच माणसे नाटक करतात, आणि त्या वेळी बायकांची कामे आम्ही पुरुषच करायचो. मी अंगाने बारीक, मिशी उतरवली की चालून जायचे. पहिल्यांदा केले तेव्हा लग्नाला दोन वर्षे झाली होती. ही पहिल्या रांगेत बसून बघायची आणि घरी आल्यावर माझी नक्कल करायची.

"ते देवापुढे होते," मी म्हटले. "देव मनावर घेत नाही. हे यंत्र काय मनावर घेईल ते तुला ठाऊक?"

शेवटी कॅमेरावाली म्हणाली, आजीला पाठीमागून घेऊ, तोंड दाखवायला नको. मी म्हटले, बरे. मला वाटले मी जिंकलो.

मग चार दिवस तेच. ही विहिरीवरून कळशी घेऊन आली, पाठमोरी. चुलीसमोर बसली, पाठमोरी. धक्क्यावर उभी राहिली, पाठमोरी. "आजी, परत एकदा," असे ती कॅमेरावाली म्हणायची आणि ही परत जायची. एका कळशीसाठी नऊ फेऱ्या झाल्या. "आज विहीर सुकवतात गो ही," असे म्हणायची, पण कंटाळत नव्हती. मी सोप्यावर पहाऱ्याला. तिच्या कपाळावर डोळा ठेवून. घरात असे वातावरण की लांब केसांचा पाणी मागतानासुद्धा माझ्याकडे न बघता मागायचा.

शेवटच्या दिवशी ही मला म्हणाली, पोरांना चणाडाळीचे गोड मणगणे करते, गूळ संपलाय, डिचोलीच्या बाजारात जाऊन या. मी गेलो. बसने जाऊन यायला दोन तास लागले. परत आलो तर पोरे वायरी गुंडाळत होती आणि कोणीही मान वर करत नव्हते. मी हिच्याकडे बघितले. कुंकू ओले होते आणि थोडे डावीकडे सरकलेले. सकाळी आंघोळ झाली की आरशासमोर लावायची ते दुपारपर्यंत सुकून जायचे, आणि अठ्ठेचाळीस वर्षांत मी ते कधी सरकलेले बघितले नव्हते. फडताळातल्या डब्यात गूळही होता, अर्धी ढेप.

"पुसलेस?"

"पुसले," ती म्हणाली. खोटे बोलायची तिला सवय नव्हती.

"माझ्या मरणाची वाट बघतेस?"

पोरांच्या देखत बोललो. तिने मणगणे वाट्यांत घातले, सगळ्यांना दिले, माझी वाटी माझ्यासमोर ठेवली. मी शिवलो नाही. नातीला म्हटले, "ते घेतलेय ते मोडून टाक." ती बरे म्हणाली. तिथून आमचे बोलणे बंद झाले ते फणसापर्यंत.

तिला नेताना बायकांनी हिरवे नेसवले, कपाळ भरून कुंकू लावले. सगळ्या म्हणत होत्या, सवाष्ण गेली, पुण्यवान. येणारा प्रत्येक माणूस मला तेच सांगून गेला, जसे काही मी बक्षीस मिळवून दिले तिला. माझे काय झाले ते कोणी विचारले नाही. पुरुषाला पुसायला काही नसते. मी होतो तसाच दिसत होतो, तोच शर्ट, तेच तोंड.

तेरावा झाल्यावर चार दिवसांनी, दुपारचा चहा घेत होतो तेव्हा नात आली. एकटीच. लॅपटॉप मेजावर ठेवला आणि उघडायच्या आधीच म्हणाली, "आजो, मी ते मोडूंक ना. तुमका खोटे सांगितले."

मी कप खाली ठेवला. "दाखव."

तिने लावले. विहीर आली, चूल आली, धक्का आला. सगळीकडे पाठ. तिचा अंबाडा, पोलक्याला शिवणीपाशी मारलेले ठिगळ, भेगाळलेल्या टाचा. चार दिवस माझ्या घरात कॅमेरा होता आणि माझ्यामुळे त्यात तिचे तोंड नव्हते. हे मला तेव्हा कळले. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो शोधताना घर उलटेपालटे केले होते आणि कोणाच्या तरी मुंजीतला एक पुसट मिळाला होता.

मग ते आले. ती भिंतीपाशी उभी राहून वर बघते. कपाळ उघडे. कुंकवाच्या जागी फिकट वाटोळा डाग, पुसले तरी गेला नव्हता. मी तिचे कपाळ तसे कधीच बघितले नव्हते. ती रडली नाही, काही नाही, नुसती बघत राहिली. कॅमेरा बंद करायला पोरी विसरल्या असाव्यात, कारण पुढे तिचा आवाज आला. "झाले? कुंकवाचो करंडो हाड गो बेगीन. तुझो आजो येवन पावतलो."

कॅमेरावालीने विचारले, "आजी, भय वाटले नाही?"

"कसले भय? हिच्या आजाच्या तोंडाक यम सुद्धा भिता." आणि कॅमेऱ्याच्या काचेत बघून तिने घाईघाईने कुंकवाचे बोट कपाळाला टेकले.

मला हसू आले. मला त्याचा राग आला. म्हटले, "बंद कर."

नातीने बंद केले. "सिनेमा उद्या सांजेक कॉलेजात द्यायचा आहे. तुम्ही नको म्हणालात तर तोंड काढते. मग नुसती पाठ राहील." पुढे म्हणाली, "आणि ठेवले तर आणखी एक लागते. ती भिंतीकडे बघते ना, तिथे फोटो पाहिजे. नवऱ्याचा, हार घातलेला. तेव्हा तुमच्या भयाने आम्ही विचारलेच नाही."

"कोणाचा लावणार?"

"कोणाचोय. नेटवर मिळतात म्हाताऱ्यांचे."

"माझी बायको नेटवरच्या म्हाताऱ्याकडे बघत उभी राहणार?"

"मग तुम्ही सांगा काय करू ते." तिचा आवाज चढला होता. हट्ट आजीचाच. मी तिला म्हटले, घरी जा. लॅपटॉप उचलून ती संध्याकाळच्या बसने गेली. मी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही.

सकाळी पोदेराचा भोंगा वाजला. मी पाव घ्यायला गेलो नाही. ट्रंक काढली. बार्जवर कायम झालो तेव्हाचा माझा एक फोटो होता, एकट्याचा, जाड मिशी, बटणे गळ्यापर्यंत लावलेली. त्याला चौकट नव्हती. नोकरी सुटताना दिलेला कागद चौकटीत होता तो काढला आणि फोटो घातला. विहिरीपाशी जाऊन अबोली खुडली. फुले गुंफून वळेसर करणे हे तिचे काम, मला येत नाही. मला येतात त्या दोरखंडाच्या गाठी, तशाच मारल्या. हार जाड झाला, पण सुटणार नव्हता. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत हे मला कोणी सांगायला नको. घातला. ती बघत होती त्या भिंतीवर खिळा ठोकला.

मग नातीला फोन केला. "ये. फोटो लावलाय."

"कोणाचो?"

"येऊन बघ."

नऊ वाजायच्या आत तिघेही आली. दारातूनच भिंतीवरचा फोटो बघून लांब केसांच्याने चपला बाहेर काढल्या, एरवी काढत नसे. कॅमेरावालीने तिपाई मांडली, डोळा लावला.

"आजो," ती म्हणाली, "फोटोच्या काचेत तुम्ही दिसता. जरा कुशीक जाता?"

मी दाराच्या आड जाऊन उभा राहिलो. म्हटले, "आता घे."