अर्ध्या तासाची नोट

टेबलावर कागद साचतात ना, तसेच किस्से साचतात. एकेक हातावेगळा केला तर काही वाटत नाही. "बघू सावकाश" म्हणून बाजूला सारत गेलं, की त्याचा ढीग होतो. माझ्याकडे असा एक ढीग आहे, चांदा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता तेव्हाचा.

मी बावीस वर्षांचा, वैनगंगेच्या काठच्या जंगलखात्याच्या एका रेंज ऑफिसात नवा कारकून. ऑफिसात आम्ही पाच जण. रेंजरसाहेब, हेडबाबू वामनराव, जंगलाची राखण करणारा नाकेदार गणपत, म्हातारे चपराशी झिबलभाऊ आणि मी. पाचही जण कामाला चोख, फक्त सुरुवात करायला जरा वेळ लागायचा!

मित्रांना हे किस्से ऐकवले की ते पोट धरून हसतात. एक मात्र मी आजवर सांगितलेला नाही. आज सांगणार आहे, पण शेवटी. सवय जात नाही, दुसरं काय!

*

वामनराव सकाळी आले की आधी टेबल पुसत. मग दौत धुवत. मग टाकाचं नीब बदलत, ते कागदाच्या कपट्यावर चालवून बघत, पसंत पडलं नाही की पुन्हा बदलत. "सुरुवात कशी स्वच्छ पाहिजे!" एवढं होईपर्यंत चहा येई. चहाचा थेंब टेबलावर सांडे. मग टेबल पुन्हा पुसायचं!

एका सकाळी हा सोहळा चालू असतानाच सोमाजी आणि त्याची बायको ठकूबाई अर्ज घेऊन आली. सोमाजी ढिवर. नदीवर लोकांना पार करायचा. त्याचा डोंगा म्हणजे एकाच झाडाचा बुंधा कोरून केलेली नाव, आणि ती आता तळाशी कुजली होती. सोमाजी पुढे उभा राहून बांबूने डोंगा रेटायचा आणि ठकूबाई मागे बसून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्याने आत आलेलं पाणी उपसायची. काठ येईपर्यंत हात थांबवायची सोय नाही.

नव्या डोंग्यासाठी सोमाजीने जंगलातलं एक झाड हेरून ठेवलं होतं. पण सरकारी झाडावर आमचा हातोड्याचा शिक्का उमटल्याशिवाय कुऱ्हाड लावता येत नसे. झाड एवढं जाड, की शिक्क्याला वरच्या ऑफिसची मंजुरी लागायची. आणि मंजुरी मागायला आमच्याकडून इंग्रजीत एक नोट जायला हवी.

"पावसाच्या आंधी भेटला तं बरं होईन जी," सोमाजी म्हणाला. "कोरायले दोन महिने लागते."

ठकूबाई माझ्याकडे बघून हसत म्हणाली, "नवा डोंगा झाला का म्या काई नाई करनार, बाबू! नुसती बसून राहीन, रानीसारखी. अन् पयले तुमालेच पार नेऊ!"

वामनरावांचं टेबल ओलं होतं. म्हणून अर्ज माझ्या टेबलावर आला. "तू लिही रे. अर्ध्या तासाची नोट आहे."

"हो, आजच लिहितो," मी म्हणालो.

*

गणपतला वनपाल व्हायचं होतं. त्यासाठी खात्याची परीक्षा. त्याने पुस्तक मागवलं, जुन्या बांधणीचं, पानं एकमेकांना जोडलेली, वाचताना सुरीने कापत जायचं. दरवर्षी परीक्षा जवळ आली की गणपत अभ्यासाला बसे आणि मागचं विसरलो म्हणून पहिल्या पानापासून सुरू करी. चार वर्षांत पहिला धडा बोटांनी काळा पडला. पुढची पानं तशीच जोडलेली!

रेंजरसाहेबांनी एकदा पुस्तक हातात घेतलं. "गणपत, दुसऱ्या धड्यात काय आहे?"

"सायेब, ते परीक्षेसाठी राखून ठेवलं हाये!"

ऑफिस दणाणून हसलं. सगळे पांगल्यावर गणपत माझ्यापाशी आला. "हासा बाबू. पन माह्या बापाले वाटते का म्या पास झालो. मागच्या सालीच सांगून टाकलं म्या. आज ना उद्या होईनच, म्हटलं."

त्याचा बाप त्या वर्षी होळीच्या आधी गेला. वनपालाचा बाप म्हणून गेला. गणपत तेरवीनंतर कामावर आला, तेव्हा त्याने ते पुस्तक कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही.

*

रेंजरसाहेब कडक माणूस. मी नोकरीला लागायच्या आधी एका अर्जाला फार उशीर झाला म्हणून त्यांनी फर्मान काढलं, की भिंतीवर पाटी लावायची : "टेबलावर कागद ठेवू नये." पेंटरला पत्र लिहायचं काम वामनरावांकडे. वामनरावांनी नीब बदललं...

पाटी दीड वर्षाने आली! त्याच दिवशी साहेबांच्या बदलीचा निरोपसमारंभ होता. साहेबांच्या गळ्यात हार असतानाच ती भिंतीवर लागली. साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मला भेट म्हणून द्या. इथे तिचा उपयोग नाही."

कोणी हसलं नाही. पाटीखालीच माझं टेबल होतं आणि माझ्या टेबलावर सोमाजीचा अर्ज होता.

*

आमच्याकडे गुरुवारचा बाजार. दर गुरुवारी सोमाजी बाजार करून ऑफिसात यायचा आणि दारातूनच विचारायचा, "झालं का जी?"

"पुढच्या बाजारी ये."

"हाव जी." कधी कपाळाला आठी नाही. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, मी त्याला 'ये' म्हणायचो.

फाइल मी रोज काढायचो, खोटं सांगत नाही. कोरा कागद घ्यायचो, वर तारीख टाकायचो. मग आठवायचं, आधी जावक रजिस्टर नीट करून घेऊ. मग दुसरं काही. कामाचा कंटाळा म्हणाल तर तसंही नव्हतं. त्या दिवसांत मी दुसऱ्यांची कामं करायचो!

झिबलभाऊ हे सगळं बाकावरून बघायचे. एकदा पाण्याचा पेला ठेवता ठेवता म्हणाले, "बाबू, तुमी आळशी नाई. आळशी मानूस झोपते. तुमाले तं घाम येऊन राह्यला."

"मग काय आहे?"

"भेव. सापाले पाहून मानूस वाट बदलते, तसं तुमी त्या कागदाले पाहून करता."

खरं होतं ते. नोकरीला लागल्यावर मी लिहिलेली पहिलीच इंग्रजी नोट वरच्या ऑफिसातून लाल पेन्सिलीने रंगून परत आली होती. वामनरावांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली होती. नोट लिहिली नाही, तर ती चुकणार नाही, एवढंच माझ्या मनात बसलं होतं. ते त्या दिवशी मला समजलं. इतकं बरं वाटलं, की मी ठरवलं, उद्या सकाळी आल्या आल्या हीच नोट लिहायची!

वैशाख गेला. जेठ गेला.

*

आषाढात नदीला पाणी चढलं. एका दुपारी झिबलभाऊ भिजत आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. आदल्या दिवशी लोकांना पलीकडे सोडून परतताना सोमाजीचा डोंगा मधोमध खालून फुटला होता. सोमाजी कसाबसा काठाला लागला. ठकूबाई त्या सकाळी खालच्या गावाजवळ सापडली. काठावरचे लोक सांगत होते, ती शेवटपर्यंत उपसतच होती.

मी टाक दौतीत बुडवला आणि नोट लिहिली. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास झाला होता.

आठ दिवसांत मंजुरी आली. नोटेवर एकही लाल रेघ नव्हती.

झाडाला शिक्का मारायला मी स्वतः गेलो. सोमाजी बाजूला उभा होता. मला काहीतरी बोलायचं होतं. हातोडा झाडावर मारला, साल उडाली, अक्षरं उमटली, आणि मी हाताने शिक्क्यावरचा भुसा झाडत राहिलो. तोच म्हणाला, "चांगला उठला जी शिक्का."

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत माझ्या टेबलावर कागद राहिला नाही. वरिष्ठांनी माझ्याबद्दल "तत्पर" असा शेरा लिहिला. ज्या दिवशी तो वाचला, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

त्याच सालच्या माघात, एका गुरुवारी, सोमाजी दारात उभा. सवयीने माझा हात फाइलीकडे गेला. पण त्याने काही विचारलं नाही.

"चाला बाबू. डोंगा झाला. पयले तुमाले न्याचं हाये. ती बोलून गेलती."

नदी उतरली होती. नवा डोंगा काठाला टेकला होता, आतून अजून पिवळाधमक, कोरड्या लाकडाचा वास येणारा. मी पाय टाकला आणि मागच्या बाजूला जाऊन बसायला लागलो. तिथे जुना तुंबा ठेवलेला होता. धुतलेला, कोरडा. आत थेंबभरही पाणी नव्हतं, तरी ठेवलेला.

सोमाजीने बांबू उचलला होता. तो तसाच हातात धरून थांबला.

"बाबू, तिथी नोका बसू."

"का, सोमाजीभाऊ?"

"पुढं या जी. तिले बसू द्या."