झडती

वऱ्हाडातून निजामाच्या हद्दीत येणाऱ्या मालावर मंठ्याच्या नाक्यावर जकात घेत. तिथला कारकून म्हणजे काय थाट! माझ्या पोत्यात लोखंडी सळई खुपसायचा नि लाडानं म्हणायचा, "माणूस म्हंजे चोरच, पाटील. तुमीबी!"

एकदा माझ्या पुढच्या गाडीतून दिवस भरत आलेली बाई भावासोबत माहेरी निघाली होती. हा म्हणाला, "पोट खरं कशावरून? बाया कापडाचे तागे बांधून आणून राह्यल्या." दाई येईस्तोवर तिला उन्हात उभी केली. भाऊ पाया पडला, मी ओरडलो. न्हाई म्हंजे न्हाई.

ती तिथंच लिंबाखाली बाळंत झाली.

रडणं ऐकून हा म्हणाला, "हां, पोट खरं निघालं. आता गाठोडं सोडा."

गाठोड्यात जुन्या लुगड्यांची दुपटी होती. बाळ उघडंच रडत होतं, आणि हा हरामखोर एकेक दुपटं झटकून बघत होता.