चुकलं की नवा कागद

टायपिंगच्या बाईंना खाडाखोड खपायची नाही. एक अक्षर चुकलं तरी मशीनमधला कागद त्या सर्रकन ओढून काढायच्या. "चुकलं की नवा कागद! पुसापुशी करायची तर घरात बसून पाट्या पुसा की!" शिवाजी पेठेतल्या त्या माडीवर निम्म्या पेठेची बोटं त्यांनी वळणाला लावली. कळांकडं बघून टाइप केलं की बोटांवर लाकडी पट्टी बसायची. माझ्याही बसली, आणि पुढं मी त्यांच्याकडंच कामाला राहिले.

टाइपरायटर मागं पडले, कॉम्प्युटर आला, लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचं काम सुरू झालं. बाईंचा एकुलता एक संजू त्या यंत्रापुढून हलायचा नाही. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यानं विंडोजच्या जोडीला लिनक्स ही कॉम्प्युटर चालवायची दुसरी सिस्टिम बसवली. तेव्हापासून कॉम्प्युटर लावला की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, वर लिनक्स, खाली विंडोज. खालच्या बाणाची कळ वेळेत दाबली नाही की लिनक्स सुरू, आणि त्यात आमचे मराठी फाँटच नाहीत! "घर माझं आन् पयला मान ह्येच्या पावण्याला व्हय रं?" बाई करवादायच्या. संजू नुसता हसायचा.

मग बाईंनी दहा जणांना गळ घालून त्याला साखर कारखान्याच्या ऑफिसात चिकटवलं. पोरानं न विचारता ती नोकरी सोडली आणि बंगळूर गाठलं. झालं, बाईंनी तिथंच कागद ओढला. त्याचा फोन आला की रिसीव्हर माझ्या हातात कोंबायच्या, "बाई न्हाईत म्हण." शेजारीच बसून! मला मेली लाज वाटायची. असला हट्ट मी जन्मात पाहिला नाही.

ऐन लग्नसराईत हुपरीचे एक चांदीकाम करणारे गृहस्थ लेकीच्या लग्नाची पत्रिका बघायला आले होते. नेमकी बाईंची कळ चुकली. लिनक्स उघडलं आणि संजूचं नाव दाखवून पासवर्ड मागू लागलं. बाईंचा पारा चढला. "जो घरात न्हाय त्येचा पसारा कशाला?" कॉम्प्युटर परत लावून त्या विंडोजमध्ये शिरल्या, आणि मी "बाई, थांबा, त्याला विचारू" म्हणेपर्यंत डिस्कवरचा लिनक्सचा अख्खा भाग त्यांनी उडवलासुद्धा. मोठ्या तोऱ्यात पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी चुकल्याची इंग्रजीत एक ओळ, बाकी सगळा अंधार. दोन नावांचं ते पान लिनक्सचंच होतं. त्यालाच हाकलल्यावर विंडोजचं दार उघडणार कोण?

हुपरीचे पावणे स्टुलावरून उठले. "बाई, उद्या छापायची हाय की! कुठं हाय आमची पत्रिका?"

"आत हाय," बाई म्हणाल्या. तोंड पांढरंफटक पडलं होतं. सगळ्या सीझनचं काम आत अडकलं होतं. दुरुस्तीवाला आला, बघून म्हणाला, "सगळं पुसून नव्यानं टाकायला लागंल." नवा कागद! आणि तोच बाईंना नको होता.

मी त्यांना न विचारता बंगळूरचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो कानाला लावला. मग म्हणाल्या, "तुझं ते काढलं. आता माझं चालंना."

मग संजूचा आवाज मलाही ऐकू आला, "विंडोजची सीडी घाल, आई." तो एकेक अक्षर सांगत गेला. रिसीव्हर मानेत धरून, भिंतीकडं बघत बाई टाइप करत गेल्या. एक अक्षर चुकलं नाही. विंडोज उघडलं तेव्हा हुपरीच्या पावण्यांनी हात जोडले.

"झालं का, आई?"

"झालं."

बाई रिसीव्हर तसाच धरून राहिल्या. आता विचारतील, जेवलास का, कधी येतोस. माझाच जीव टांगणीला लागला. ओठ हलले, आणि त्या म्हणाल्या, "ठेवतो. बिल चढतंय."

त्यानंतर संजूचे फोन थांबले. आपलं तिथं काही उरलं नाही, असंच पोरानं धरलं असावं. आता घंटी वाजली की बाई स्वतः धावायच्या. पत्रिकेचं गिऱ्हाईक असायचं.

कॉम्प्युटर आता सरळ विंडोजमध्येच उघडायचा. तरी रोज सकाळी बटण दाबलं की बाईंचं बोट खालच्या बाणावर जायचं. एकदा न राहवून मी म्हटलं, "बाई, ते पान आता येत नाही."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या आणि कळ दाबत राहिल्या.