प्रगतिपुस्तकातला एक शब्द

सोनावणे आजोबा कुठलाही कागद बोट ठेवून वाचायचे. लालबागच्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले होते. त्या दिवशी नायगावच्या आमच्या शाळेत नातीचं प्रगतिपुस्तक वाचताना त्यांचं बोट एका शब्दावर थांबलं.

"बाई, हे 'व्रात्य' तुम्ही लिहिलंत?"

मीच लिहिलं होतं. चौथीतल्या प्रज्ञाने बाकावर बाक चढवून पंख्याच्या पात्यांवर खडूची भुकटी ठेवली होती. मी बटण दाबलं, पांढरीफटक झाले आणि सगळा वर्ग हसला.

"खोडकर असाच अर्थ आहे त्याचा. शब्दकोशात बघा," मी म्हणाले.

"बघितला ना, म्हणून तर आलो." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "वेदात म्हणे व्रात्याची स्तुतीसुद्धा आहे. पुढे ज्याची मुंज झाली नाही, जो संस्काराबाहेर राहिला, तो व्रात्य. मग उनाड, मग खोडकर. वापरून वापरून खिळा झिजतो, तसा शब्दही झिजतो. पण आमच्यात मुंज कुणाचीच नाही, बाई. आम्हाला तो जुना अर्थच आधी दिसतो. खोडकर म्हणायचंय ना, मग खोडकर लिहा. आहेच ती खोडकर!" आणि ते हसले.

"एवढ्याशा गोष्टीत जात कशाला आणता?" मी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं. "माझा तास आहे."

"बरं. येतो," म्हणून ते जिना उतरले.

तास नव्हताच. मी कपाटातून प्रज्ञाच्याच वर्गातल्या ईशाचं प्रगतिपुस्तक काढलं. भुकटी दोघींनी मिळून ठेवली होती. ईशाची आई माझी मैत्रीण. त्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'चौकस, उत्साही. थोडी खोडकर.'

तरीही वर्षभर मी गप्प राहिले. त्यांची चाळ पाडायची ठरली, खोल्या रिकाम्या होऊ लागल्या, आणि आजोबा अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे गेले.

"आजोबा, चुकलं माझं."

"मला काय सांगता? मला सवय आहे. तिला सांगा." त्यांनी आत हाक मारली, "प्रज्ञा, बाई आल्यात गं!"

ती चहाचा कप घेऊन समोर उभी राहिली. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "छान झालाय गं चहा."

अजून घोटही घेतला नव्हता. आजोबांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

महिन्याभरात ते गेले. प्रज्ञाचं घर आता दुसरीकडे आहे. पत्ता शाळेच्या वहीत आहे. मी तो दोनदा उतरवून घेतला आहे.