दादाचं गॅसवरचं इंजिन

तेलाबरोबर विहिरीतून येणारा गॅस लोक इतकी वर्षं नुसता जाळत का बसले? त्यावर तिथंच वीज होते की! मी सगळ्यांना विचारलं. दादा म्हणाला, "तू नट आवळ."

चंडीगडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्या गॅसवर चालणारे जनरेटर तयार होतात. दादा, माझा थोरला भाऊ, चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून रिटायर होऊन इथं मिस्त्री झाला. आठवीत शाळा सोडलेल्या मला त्यानंच साताऱ्याहून आणलं. तो जाऊन दीड महिना झाला. चहाला बसलो की कुणीतरी म्हणतं, "यार, तेरा दादा..." आणि चहा गार होतो.

*

विहिरीचा गॅस ओला असतो. इंजिनाआधी एका टाकीत त्यातलं पाणी साठतं, ते सोडावं लागतं. चाचणीच्या वेळी मी विसरायचो. म्हणून दादानं टाकीवर लाल रंगानं लिहिलं, 'आधी पाणी काढ'. पुसायचं राहिलं आणि जनरेटर आसामला गेला. तिथून मालक सोढीजींना फोन आला, हे काय लिहिलंय? त्यांना मराठी येत नाही. म्हणाले, "मंत्र होगा जी."

आठ दिवसांनी इंजिन बंद. फोटो आला, तर टाकीला झेंडूचा हार. दादा फोनवर म्हणाला, "पहले हार उतारो, फिर पानी."

*

जनरेटर लागला की गॅस त्यात जातो आणि विहिरीवरची ज्योत लहान होते. पुतण्यानं शाळेत सांगितलं, "पापा आग बुझाते हैं." बाईंनी दादाला फायरमन म्हणून बोलावलं. वहिनी म्हणाली, "जाऊ नका, हसतील." दादा गेला. एका मुलीनं विचारलं, "अंकल, सीढ़ी कहाँ है?"

"बेटा, हमारी आग खुद नीचे उतरती है."

*

दादा सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात होता, तेव्हा राजस्थानला जाणारं इंजिन अर्धवट होतं. मी ते जोडलं, आवाज रेकॉर्ड करून नेला. त्यानं फोन कानाला लावला. "तिसरा सिलिंडर खोकतोय."

शेजारचा पेशंट म्हणाला, "भाईसाहब, खाँस तो आप रहे हो." दादा इतका हसला की नर्सनं मला बाहेर काढलं. मी तसाच जाऊन प्लग बदलला.

इंजिन सुधारलं. दादा नाही.

*

सोढीजी राजस्थानला बाहेरचा इंजिनियर पाठवणार होते. मी बोलून गेलो, "दादाचं इंजिन परक्यानं चालू केलं, तर मी उद्यापासून येत नाही."

"और तेरे हाथ से वहाँ लाइट गई तो?"

"तरी येत नाही."

ते हसले नाहीत. तिकीट माझ्या नावानं काढलं.

विहिरीवर आमचं इंजिन लागलं. शेजारी जुना डिझेल जनरेटर चालूच होता; तो बंद केला की सगळा भार आमच्यावर. तो बंद करायला कुणी पुढं होत नाही. लाइट गेली तर शिव्या बंद करणाऱ्यालाच. ऑपरेटर लांब जाऊन उभा राहिला. "मिस्त्री ही करता है जी."

मी डिझेल बंद केलं. केबिनमधला पंखा फिरत राहिला.