वळख ठेव

साखरशेत गाव सोडलं त्या दिवशी जव्हारला जाणारी जीप बाने शिवेवर थांबवली आणि मला खाली उतरवलं. तिथे सागाखाली शेंदूर फासलेला वाघदेव आहे. बाने त्याच्यापुढे मूठभर नागली ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि देवाला सांगितलं, "आमची पोर हाय. वळख ठेव." ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारावी होऊन ठाण्याला नोकरीवर निघालेली मी, माझी ओळख दगडाला कशाला?

बाचं म्हणणं साधं होतं. माणूस फार दिवस बाहेर राहिलं की त्याला परका वास लागतो आणि मग वाघ त्याला सोडत नाही. ठाण्यात मैत्रिणींना मी हे हसत हसत सांगायचे. आता तिथे माझा फ्लॅट आहे. ऑफिसच्या दारात अंगठा टेकला की मशीन मला ओळखतं. घरची बोली मात्र बोलण्याआधी मनात जुळवावी लागते. दिवाळीला गेले की धाकटा काशिनाथ म्हणतो, "आल्या पाहुण्या." मी हसते, पण लागतं.

गेल्या वर्षी बाला रक्ताचा कॅन्सर निघाला. केमोने गेला आणि पुन्हा उलटला. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी मग एक नवा उपचार सुचवला, अजून चाचणीत असलेला. आपल्या रक्तात नॅचरल किलर नावाच्या पेशी असतात. त्या समोरच्या पेशीवर ओळखीची खूण शोधतात. खूण दिसली तर सोडून देतात, नाही दिसली तर मारतात. बाच्या स्वतःच्या या पेशी थकल्या होत्या, म्हणून आम्हा भावंडांपैकी एकाच्या घ्यायच्या होत्या.

काशिनाथच्याच घेतील, हे आम्ही धरून चाललो होतो. तो बाजवळ राहतो, बाचीच शेती करतो, चालतोही बासारखा. बाईंनी रिपोर्ट पाहिले आणि माझ्याकडे बोट केलं. मुलाच्या पेशी वडिलांना ओळखतील आणि गप्प बसतील, त्या म्हणाल्या. माझ्या पेशी जी खूण शोधतात ती बाकडे नाहीच. ती मला आईकडून आलेली, आणि आई जाऊन बरीच वर्षं झाली.

"म्हणजे त्या बाला परका समजणार?" मी विचारलं.

"कॅन्सरला. चांगल्या पेशींना बहुतेक वेळा त्रास देत नाहीत."

त्या 'बहुतेक'ला मी अजून भिते. बाहेर आल्यावर काशिनाथ एवढंच म्हणाला, "बाला नको सांगू." मी सांगितलं नाही.

माझं रक्त एका हातातून मशीनमध्ये गेलं आणि दुसऱ्या हातातून परत आलं. पेशी तेवढ्या काढून घेतल्या. पिशवी आली तेव्हा मी बाच्या खोलीच्या काचेबाहेर उभी होते. फिकट पाण्यासारखं काहीतरी, भाजीच्या वाटीत मावेल एवढं. नर्स ती अडकवणार तोच बाने तिला थांबवलं. खूप वाळलाय तो. त्याने पिशवीवर तळवा ठेवला, जसा तेव्हा माझ्या डोक्यावर ठेवला होता. आवाज काचेतून आला नाही, पण ओठ मला वाचता आले. आमची पोर हाय. वळख ठेव.

बाला परवापासून ताप आहे. बाई म्हणतात, हा ताप कसला ते इतक्यात सांगता येणार नाही. या पेशी दोन-तीन आठवडे जगतात आणि मग आपोआप संपतात, म्हणजे दिवाळीच्या माझ्या रजेहून थोडं जास्त. काशिनाथ गावी जाऊन वाघदेवाला नागली ठेवून आला.

घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी साखरशेत सांगायचे. आता माझं घर काचेपलीकडे तापाने फणफणलंय. मी आत शिरलेय, दारोदार खूण शोधतेय, आणि माझ्या बाने ज्या पेशींना ओळख ठेवायला सांगितलं, त्यांना तो ओळखूच येऊ नये म्हणून तर मला निवडलं होतं.